बहुधाचा शिक्का

आज सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी माझ्या टेबलावर एक प्रूफ येऊन पडलं आणि तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. प्रूफ येण्यात नवल काहीच नाही. एकतीस वर्षं माझ्या टेबलावर प्रूफंच येताहेत, दुसरं काही आलंच तर चहा. पण या प्रूफाच्या समासात साहेबांच्या हिरव्या शाईत एक अख्खी ओळ होती, आणि साहेब ओळ लिहीत नाहीत. साहेब लिहितात 'पाहिले'. बरोबर असलं तरी 'पाहिले', चुकलेलं असलं तर चुकीखाली एक रेघ आणि मग 'पाहिले'. हिरवी शाई कचेरीत फक्त त्यांची, आणि त्या शाईतला शब्दही एकच. आमच्यातले काही जण तर म्हणतात की लग्नपत्रिकेवरही त्यांनी तेवढंच लिहून परत पाठवलं असेल. आज मात्र लिहिलं होतं: 'हे कोणी लिहिले? चार वाजता पाठवा.' मी ती ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. ओळ तीच होती. पोटात गोळा आला आणि त्याच क्षणी, खोटं कशाला सांगू, आनंदाने कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आता गोळा खरा की पाळ्या खऱ्या हे ठरवायला चार वाजेपर्यंतचा वेळ होता, आणि घड्याळाला मेल्याला काही घाई नव्हती.

आमची कचेरी म्हणजे एक लांबलचक खोली, दोन्ही भिंतींना छताला टेकलेली खणांची कपाटं, आणि खणांमध्ये चिठ्ठ्या. इंग्रजी शब्दांचा आपल्या भाषेतला कोश आम्ही करतो. एका शब्दाची एक चिठ्ठी, तळहाताएवढी. अर्थ लिहिणारे वेगळे, उदाहरणं गोळा करणारे वेगळे, आणि शब्द आला कुठून, त्याचं मूळ कुठलं, हे लिहिणारी मी. म्हणून मला इथे सगळे उगमताई म्हणतात. पहिल्यांदा चेष्टेने म्हणत, आता चेष्टा झिजून गेली आणि नुसतं नाव उरलं. चिठ्ठीवर कोणी सही करायची नाही, हा कचेरीचा पहिला नियम, आणि गठ्ठा आत गेला की कोण काय लिहितं हे साहेबांनाही ठाऊक नसतं. कोश एका आवाजात बोलला पाहिजे. कोणी बाहेरून विचारलंच की हा अर्थ कोणी दिला, तो शब्द कोणी शोधला, तर उत्तर ठरलेलं: 'कचेरीने.' नव्याने रुजू झालेल्यांना पगाराच्या तारखेच्या आधी हे उत्तर शिकवतात. मीही शिकले. इतकी चांगली शिकले की एकदा घरी यजमानांनी विचारलं, "हे पडदे कोणी धुतले?" तर तोंडातून निघालं, "कचेरीने." ते अजून लोकांना सांगत असतात.

आणि आज प्रत्यक्ष साहेब विचारत होते, कोणी. ज्यांनी नियम केला तेच.

ज्या नोंदीसमोर ती हिरवी ओळ होती ती नोंद 'वर्थ' या शब्दाची होती. वर्थ म्हणजे मोल, योग्यता. एवढं कोणीही सांगेल. पण आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी, बाहेर ऊन रणरणत असताना, मी त्या शब्दाच्या मागे लागले आणि मागे मागे जात अशा ठिकाणी पोचले की तिथे पैसा नव्हता, तराजू नव्हता, बाजारच नव्हता. तिथे होतं नुसतं 'समोर'. वर्थचा जुन्यात जुना अर्थ सापडतो तो 'कडे वळलेलं, समोरासमोर असलेलं'. एका वस्तूसमोर दुसरी ठेवली, दोघी एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि एकीलाही मान खाली घालावी लागली नाही, की झालं मोल. मी खुर्चीतून उठलेच. आणि त्याच्याही मागे, अगदी तळाशी, वळण्याचा धातू. म्हणजे आपलं वर्तन, आपलं वर्तुळ, कणीक मळल्यासारखे रोज तोंडात मळले जाणारे आपले शब्द, तिकडच्या त्या गोऱ्या वर्थचे चुलत भाऊ! माझ्या अंगावर काटा आला. उगमाला नियमाने दीड ओळ मिळते. मी सात ओळी लिहिल्या. ओळी चिठ्ठीच्या कडेपर्यंत गेल्या, शेवटचे शब्द तर बारीक करून कोपऱ्यात कोंबले. वाटलं, अर्थवाले कापतील. कोणी कापलं नाही. बहुतेक कोणी वाचलंच नाही.

हे माझं वेड आजचं नाही. माणसं जसे डबे, बाटल्या जमवतात तशी मी मोलाचे आणि मानाचे शब्द जमवत आले. 'एस्टीम' म्हणजे आदर, 'एस्टिमेट' म्हणजे अंदाज, 'एम' म्हणजे नेम, आणि तिघी एकाच लॅटिन आजीच्या नाती. आजी अंदाज बांधायची, किंमत ठरवायची. एक नात मान देते, एक खर्चाचा कागद करते, एक डोळा मिटून नेम धरते, आणि रस्त्यात भेटल्या तर एकमेकींना ओळखही देत नाहीत. 'व्हॅल्यू' तर मुळात मोल नव्हेच, ती धडधाकटपणा आहे. जुने रोमन लोक निरोप घेताना त्याच क्रियापदातून म्हणायचे, वाले, ठणठणीत राहा. 'वर्शिप' हा भक्तीचा शब्द, त्यात वर्थ अख्खा बसलेला आहे, वर्थपण म्हणजे वर्शिप. 'डेन्टी' म्हणतात ना नाजूकसाजूकला, ती डिग्निटीची सख्खी बहीण, फक्त ती फ्रेंचांच्या घरी वाढली म्हणून लाडावली. आणि 'रिस्पेक्ट'. रिस्पेक्ट म्हणजे पुन्हा पाहणं, वळून पाहणं. एकदा तर काय, रस्त्यावरच्या खांबाकडेही माणूस पाहतो. हे सगळं मी यजमानांना रोज जेवताना सांगते. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, त्यामुळे पाहण्याच्या शब्दांत त्यांना रस आहे. बाकीच्या वेळी ते "हो का?" म्हणतात आणि मीठ मागतात.

'प्राइस', 'प्राइझ' आणि 'प्रेझ', किंमत, बक्षीस आणि स्तुती, या तिघी एकच आहेत हे मला सापडलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. टंकलेखिका म्हणून लागले होते, उगमाच्या चिठ्ठ्या टंकता टंकता त्यांच्यात चुका दिसायला लागल्या, म्हणून घरी लॅटिनचं पुस्तक आणून बसले. साहेबांना चिठ्ठी दाखवली. त्यांनी मान वर न करता "हं, ठेवा," म्हटलं. महिन्याभराने एका सभागृहात त्यांचं भाषण होतं, कचेरीतले सगळे गेलो. भाषणाच्या मध्यावर त्यांनी माझी चिठ्ठी वाचली. शब्द न् शब्द माझा, अगदी स्तुतीही कधी काळी किंमत करणंच होतं हे वाक्यसुद्धा. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ओरडून विचारलं, "कोणी शोधलं हे?" आणि साहेब म्हणाले, "आमच्या कचेरीने." मी सहाव्या रांगेत होते. तळवे लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. मला खरंच आनंद झाला होता, ते नाटक नव्हतं. फक्त घरी येताना बसच्या खिडकीत माझं तोंड दिसलं आणि ते मला वाटलं होतं तितकं हसरं नव्हतं. तेव्हापासून मी त्या तळव्यांकडे बघायचं टाळलंय. आणि आज प्रूफ हातात धरलं तर तेच तळवे पुन्हा गरम.

"काय झालं हो, उगमताई? गुलाबी का झालात?" समोरच्या टेबलावरून उदाहरणकाकांनी विचारलं. ते निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, वर्तमानपत्रं कापून उदाहरणं जमवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना कशाचं तरी उदाहरण वाटते. मी प्रूफ त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी वाचलं आणि कात्री खाली ठेवली. कात्री खाली ठेवली म्हणजे प्रकरण गंभीर.

"हे बरं नाही," ते म्हणाले. "उद्या अकराला कोशाचं मंडळ बसतंय, माहीत आहे ना?"

"कशासाठी?"

"अहो, तुम्ही लॅटिनच्या बाहेर या कधीतरी! चार खंडांचा कोश आता एका खंडात बसवायचाय. काय कापायचं ते उद्या ठरणार. आणि काय कापणार? अर्थ कापता येत नाहीत, माझी उदाहरणं थोडी कापतील. राहिलं काय? उगम. अख्खा स्तंभ. हा फर्मा, ही एवढी पानं, त्यासाठीच तर छापून काढलाय नमुना म्हणून."

"माझा स्तंभ?"

"कचेरीचा," काकांनी सवयीने दुरुस्त केलं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाले, "माझं ऐका. चार वाजता आत जायचं आणि सरळ सांगायचं, कचेरीने लिहिलंय. दीड ओळीच्या जागी सात ओळी, वर नमुन्याच्या फर्म्यात! साहेबांना खापर फोडायला डोकं हवंय. तुमचं देऊ नका. दोन वर्षं राहिलीत तुमची."

मी 'हो' म्हटलं. पण मनातून मला पटेना. खापर फोडायचं असतं तर साहेबांनी रेघ मारली असती. रेघ नव्हती. सात ओळींपैकी एकीखालीही रेघ नव्हती. म्हणजे त्यांना आवडलं असेल का? या वयात असं वाटावं याची लाज वाटली, पण वाटलं. उद्या स्तंभ राहिला तर? या सात ओळींमुळेच राहिला तर? मी उगाच उठून खिडकीपाशी गेले, खाली एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता, त्याला वरून हात करावासा वाटला. परत येऊन त्या सात ओळी वाचायला बसले, आता जरा कौतुकाने, आपल्याच मुलाला शाळेच्या नाटकात बघावं तशा. सहावी ओळ छान होती. सातवी ओळ होती: 'आपल्या वर्तन, वर्तुळ या शब्दांच्याच घराण्यातला.'

आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

'बहुधा' कुठे गेलं?

हे समजायला आमच्या कचेरीचं एक लाकडी मुठीचं खेळणं माहीत हवं. मूळ नक्की असेल तर आम्ही सरळ लिहितो. नक्की नसेल, विद्वानांत एकमत नसेल, तर त्या वाक्याआधी जांभळ्या शाईत 'बहुधा' असा शिक्का मारतो. हाताने लिहायचं नाही, कारण हाताने लिहिलेलं छापखान्यात खिळे जुळवणारा जुळारी कधी कधी गाळतो, शिक्का गाळत नाही. तो शिक्का माझ्या टेबलावर असतो, शाईच्या गादीशेजारी. एकतीस वर्षांत मी तो किती हजार वेळा मारला असेल. उगमाच्या धंद्यात नव्वद टक्के आयुष्य बहुधातच जातं. आणि वर्थ वळण्याच्या धातूवरून आला हे खूप जण मानतात, मलाही मनापासून वाटतं, पण कोणी शपथेवर सांगत नाही. तिथे शिक्का हवाच होता. मी तो मारला नव्हता. मला ती दुपार लख्ख आठवली. सातवी ओळ लिहून झाली आणि हा आनंद एकटीने पोटात ठेवणं अशक्य होऊन मी जिन्याखालच्या फोनकडे धावले होते, यजमानांना सांगायला. परत आले तोवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा आत गेला होता. आनंदाच्या भरात आम्ही लोक दुसरं काही विसरत नाही, छत्री नाही, डबा नाही. बहुधा विसरतो.

तरी एक आशा होती. चिठ्ठीवर शिक्का असेल आणि जुळाऱ्याने गाळला असेल. मी कपाटापाशी गेले, शेवटून दुसरा खण ओढला, बोटांनी चिठ्ठ्या मागे लोटत वर्थपाशी पोचले. तिथे चिठ्ठी नव्हती. तिच्या जागी लाल पुठ्ठ्याचा तुकडा उभा होता. कोणी चिठ्ठी बाहेर नेली की तिच्या जागी लाल पुठ्ठा ठेवायचा हीही आमची रीत. पुठ्ठ्यावर हिरवी टिकली होती.

यजमानांना फोन लावला. दुकानात त्यांच्या मागे काच घासायच्या यंत्राची घरघर चालू होती.

"काय गं? आवाज का असा? पडलीस-बिडलीस का?"

मी सगळं एका दमात सांगितलं, हिरवी ओळ, मंडळ, स्तंभ, बहुधा. मधेच त्यांनी यंत्र बंद केलं. हे ते माझ्यासाठी क्वचित करतात.

"थांब, थांब. म्हणजे तू लिहिलंस हे सांगितलं तर शाबासकीही तुझी आणि चूकही तुझी. आणि कचेरीने लिहिलं म्हटलं तर दोन्ही नाही. बरोबर?"

"आणि चूक निघाली की मंडळाला आयतंच कारण मिळेल. हे बघा, उगमात चुकाच असतात, कापा! एकतीस वर्षं जातील हो माझी."

"मला विचारशील तर," ते म्हणाले, "माझ्या हातून एक काच एका अंशाने फिरली ना, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी जिन्यात अडखळतं आणि सरळ माझ्या नावाने ओरडत येतं. मला बरं वाटतं गं ते. निदान नावाने येतं."

"यात बरं काय आहे?"

"ते मला नाही सांगता येत. तू शब्दवाली ना, तू शोध." आणि त्यांनी यंत्र चालू केलं.

दीड वाजता साहेब जेवायला बाहेर गेले. दार अर्धं उघडं. आणि माझ्या मनात असा एक दुष्ट, सुंदर, सोपा विचार आला, की त्याने पुन्हा सगळं अंग सळसळून उठलं. प्रूफ माझ्याकडे होतं. चिठ्ठी आत त्यांच्या टेबलावर असणार. दोन्हींवर आत्ता शिक्का मारला तर? साहेब सत्तरीला आलेत, त्यांना काय आठवणार आहे सकाळी शिक्का होता की नव्हता? शाईची गादी उचलून नेली तर काका विचारतील, म्हणून मी शिक्का इथेच गादीवर दाबला, चांगला गच्च, आणि तो ओला शिक्का मुठीत लपवून, दुसऱ्या हातात प्रूफ घेऊन, पदराशी काहीतरी केल्यासारखं करत साहेबांच्या खोलीत शिरले. काका घास चघळत एका कात्रणाकडे बघत होते. छातीत इतकं धडधडत होतं की मला वाटलं, हेच एक उदाहरण म्हणून ते टिपून घेतील.

चिठ्ठी टेबलाच्या मधोमध होती. एकटीच, सरळ ठेवलेली. माझं अक्षर, कोपऱ्यात कोंबलेले शेवटचे शब्द, आणि शिक्क्याच्या जागी कोरा कागद. म्हणजे चूक जुळाऱ्याची नव्हती. माझीच. शिक्क्याएवढी जागाही मी सोडलेली होती, ती माझ्याकडे बघत होती. हात वर केला. आणि आई आठवली.

आई फ्रॉक शिवायची, शाळांचे गणवेश शिवायची. कोणी काहीही शिवलेलं दाखवलं, की ती ते हातात घेऊन सगळ्यात आधी उलटं करायची. पुढची बाजू तिला दिसतच नसे. "पुढून काय, कोणीही नटतं. पाठ दाखव," म्हणायची. मी दहा वर्षांची असताना एका हातरुमालावर निळं फूल भरलं आणि तिच्यापुढे नाचवत नेलं. तिने उलटा केला. मागे गाठी, लोंबणारे दोरे, एका ठिकाणी चुकलेला टाका झाकायला वरून घातलेले तीन टाके. "उसव," ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, पण वरून दिसत नाहीये." ती म्हणाली, "चुकीवर टाका घालायचा नाही. चूक उसवायची. नाहीतर तू जन्मभर ते झाकत बसशील." दुसऱ्यांदा भरलं, पुन्हा 'उसव'. तिसऱ्यांदा तिने पाठ बघितली, अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "बरं आहे." आईच्या तोंडचं 'बरं आहे' म्हणजे काय ते आमच्या घराबाहेर कोणाला कळणार नाही. मी तो रुमाल घेऊन गल्लीभर अनवाणी धावले होते. शब्द उलटे करून पाहायची माझी खोड तिथलीच असणार. तिला जाऊन बारा वर्षं झाली, तिने माझी एकही चिठ्ठी पाहिली नाही, तिला इंग्रजी येतच नव्हतं. पण त्या खोलीत, ओला शिक्का वर धरून उभी असताना, मला अगदी स्वच्छ कळलं की मी वरून टाका घालायला आले आहे.

मी तशीच परत फिरले. मूठ इतकी आवळली होती की टेबलापाशी येऊन उघडली तेव्हा तळहाताच्या मधोमध जांभळ्या, ठळक, सुरेख अक्षरांत उमटलं होतं: बहुधा. साबणाने घासलं, नळाखाली धरलं, रुमालाने खरवडलं. आमची शाई चांगल्या दर्जाची आहे, ती मीच पसंत केली होती. मला हसू फुटलं. बाथरूमच्या आरशासमोर एकटीच खुदुखुदु हसत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भीती होतीच, पण ती आता शर्यतीच्या आधीच्या भीतीसारखी झाली होती, पाय पुढे टाकायला लावणारी. काय होईल? स्तंभ जाईल. बरं, जाईल. पण जाताना तो कोणाचा होता हे तरी एका माणसाला कळेल. तीन ते चार हा तास मी काय केलं ते मला सांगता येणार नाही. पेन्सिलींना टोकं केली असावीत, कारण नंतर टेबलावर अकरा टोकदार पेन्सिली होत्या.

चार वाजता मी आत गेले. साहेब नेहमीसारखे खाली मान घालून कशावर तरी वाकलेले. ते कोणाकडे मान वर करून पाहत नाहीत, हे कचेरीत जगजाहीर आहे. मला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, एकतीस वर्षांपूर्वी, मुलाखतीच्या दिवशी, तेही खुर्ची कुठे आहे हे दाखवण्यापुरतं.

"ठेवा," ते म्हणाले.

"काही ठेवायला नाही आणलं, सर. तुम्ही विचारलं होतं, वर्थ कोणी लिहिलं."

"हं. कोणी?"

'कचेरीने' हा शब्द जिभेवर आलाच. एकतीस वर्षांची सवय, तो आपल्या पायाने चालत दारापर्यंत आला. मी तो आत ढकलला.

"मी," म्हटलं. "आणि सर, त्यात चूक आहे. सातव्या ओळीआधी बहुधा हवं होतं. ते जुळाऱ्याने नाही गाळलं, मीच मारलं नाही. आनंदाच्या भरात राहून गेलं. दुपारी तुम्ही नसताना मी इथे येऊन गुपचूप मारणार होते, मारलं नाही." आणि पुरावा म्हणून असेल, वेडेपणा म्हणून असेल, मी तळहात त्यांच्या टेबलावर त्यांच्या नजरेखाली उघडा ठेवला.

त्यांनी तळहात वाचला. मग मान वर केली.

"तुम्ही? बहुधा?" ते म्हणाले, आणि हसले. मोठ्याने, डोकं मागे टाकून. बाहेर कात्री पडल्याचा आवाज झाला.

"नक्की, सर," मी म्हटलं. मलाही हसू आवरेना.

"हे बघा." त्यांनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. ती आता पालथी होती. चिठ्ठीची पाठ कोणी वाचत नाही. ती लिहिणाऱ्याची, कच्च्या खुणांची जागा. मी आठ महिन्यांपूर्वी तिथे काही खरडल्याचं पार विसरले होते. पेन्सिलीने, घाईघाईत, माझ्याच अक्षरात: 'शेवटच्या ओळीला बहुधा. विसरायचं नाही. नक्की नाहीये हे. पण नक्की असतं तर किती छान झालं असतं!'

"पुढून वाचलं तेव्हा वाटलं, कोणीतरी वाहवत जाणारा माणूस आहे," साहेब म्हणाले. "छान लिहितो, पण वाहवतो. मग उलटून पाहिलं."

मी त्या पेन्सिलीच्या ओळींकडे बघत होते आणि मला दिसत होता तो अंगठा, कापडाच्या मागच्या बाजूवरून सावकाश फिरणारा.

"मंडळ उगमाचा स्तंभ कापणार, हे ऐकलं असेल तुम्ही," ते पुढे म्हणाले. अजून माझ्याकडेच पाहत होते, डोळे घारे होते, मला माहीत नव्हतं. "गेल्या वेळी त्यांनी विचारलं, कोण लिहितं हे सगळं? मी म्हटलं, कचेरी. सवयीने. कचेरीचं कापायला कोणाला काही वाटत नाही. लिहिणारं माणूस समोर बसलं की निदान विचार करतात. उद्या अकराला चला तुम्ही. वर्थपासून सुरुवात करा. प्राइस, प्रेझ तेही सांगा, तुमचंच ना ते?"

"तुम्हाला आठवतंय?"

"हं," ते म्हणाले. "टाळ्या मी घेतल्या होत्या. आठवणारच." मग घसा साफ करून, "वाचवू शकाल का, मला माहीत नाही. बोलाल ना पण?"

"बोलेन," मी म्हटलं. माझा आवाज इतका मोठा होता की मीच दचकले. उद्या अकरा. एस्टीमची आजी, वालेचा निरोप, डेन्टीचे लाड, काय काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, सगळ्या नाती एकदम दारात गर्दी करून उभ्या राहिल्या.

साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. हिरवं. "आधी हे दुरुस्त करा. शिक्का नको. हाताने लिहा."

मी प्रूफ टेबलावर सरळ केलं. सातव्या ओळीच्या डोक्यावर 'बहुधा' लिहिलं. पेन परत द्यायला लागले तर ते म्हणाले, "खाली 'पाहिले' कोण लिहिणार?" तेही लिहिलं. शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग कागद उलटा करून त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवला. शाई पलीकडे फुटली नव्हती.

"बरं आहे," मी म्हणाले.